भातशेती आणि मंदविद्राव्य नत्रखते

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत पावसाळ्याच्या मध्यास एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. आभाळ भरून आलेले असते, बांधीत घोटाभर पाणी साचलेले असते, आणि शेतकरी डाव्या हाताशी टोपली धरून उजव्या हाताने युरियाचे दाणे मूठमूठ उधळीत चाललेला असतो. दाणे पाण्यात पडतात आणि पाहता पाहता दिसेनासे होतात. आठ-दहा दिवसांत पीक हिरवेगार दिसू लागते आणि पैसे सार्थकी लागले असे शेतकऱ्यास वाटते.

हे समाधान खोटे नव्हे. परंतु ते अपुऱ्या हिशेबावर उभे आहे. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात शेकडा ४६ या प्रमाणाने सुमारे २०.७ किलो नत्र असते. साचलेल्या पाण्यात फेकलेल्या नत्रापैकी भाताच्या पिकाच्या अंगी सामान्यतः शेकडा ३० ते ४० इतकेच लागते, असे जगभरच्या प्रयोगांत पुनःपुन्हा आढळले आहे. म्हणजे एका पोत्यातील सहा ते आठ किलो नत्र पिकास मिळते. उरलेल्या बारा-चौदा किलोंपैकी काही भाग मातीतील सेंद्रिय द्रव्यात अडकून राहतो आणि मोठा भाग हवेत व पाण्यात निघून जातो. शेतकऱ्याने पोत्याचे पूर्ण मोल दिले. पिकाने मात्र निम्म्याहूनही कमी घेतले.

हे नत्र नेमके कोठे जाते, त्याला वाटेत अडविता येते काय, आणि अडविण्याचा कोणता उपाय कोणत्या शेतास योग्य, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. उदाहरणासाठी छत्तीसगडचा धानप्रदेश घेतला आहे; कारण तेथे एकाच तालुक्यात हलकी व भारी जमीन, कालव्याचे व केवळ पावसाचे पाणी, फेकपेरणी व लावणी हे सर्व प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

धानाचा प्रदेश

महानदी आणि शिवनाथ या नद्यांच्या मैदानास लोक कौतुकाने ‘धानाचा कटोरा’ म्हणतात. रायपूर हे या मैदानाचे मुख्य शहर. १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले व रायपूर त्याची राजधानी झाली. येथे वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो.

येथील शेतकऱ्याने जमिनीची वर्गवारी स्वतःच्या अनुभवाने फार पूर्वी करून ठेवली आहे. उंचवट्यावरील मुरमाड, तांबडी व उथळ जमीन ती भाठा. तिच्या खालच्या अंगास असलेली पिवळसर हलकी जमीन ती मटासी. त्याखाली मध्यम प्रतीची डोरसा, आणि सर्वांत सखल भागातील काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी जमीन ती कन्हार. पाणी जसे उतारावरून खाली येते तसतशी माती बारीक व भारी होत जाते. हा क्रम वाचकाने ध्यानात ठेवावा. खताच्या निवडीचा प्रश्न अखेर याच क्रमापाशी येऊन ठेपणार आहे.

लागवडीची जुनी रीत ‘बियासी’ या नावाने ओळखली जाते. पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या शेतात बी फेकून पेरतात. महिना-सवा महिन्याने बांधीत पुरेसे पाणी साचले म्हणजे उभ्या पिकातूनच देशी नांगर फिरवितात. त्यामुळे तण मरते, दाटी कमी होते आणि माती मोकळी होते. नंतर उपटून आलेली रोपे विरळ जागी पुन्हा खोवतात. खर्च कमी व जोखीम थोडी, म्हणून ही पद्धत टिकून राहिली. जेथे कालव्याचे पाणी खात्रीने मिळते तेथे चिखलणी करून रोपांची लावणी करण्याचा प्रघात वाढला आहे.

नत्राचा प्रश्न येथे तुलनेने अलीकडे निकडीचा झाला. जुनी देशी वाणे उंच वाढत. त्यांना नत्र अधिक दिले की पीक लोळे. अशा वाणांची विविधता या प्रदेशात विलक्षण होती. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथे राहून तत्कालीन मध्यप्रदेशातील धानाचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. परंतु आयआर-८ (१९६६) आणि जया (१९६८) यांसारखी बुटकी वाणे आल्यावर चित्र बदलले. या वाणांचे खोड आखूड व ताठ. ती अधिक नत्र पचवितात आणि त्याचे दाण्यात रूपांतर करतात. पुढे स्वर्णा व रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे महामाया यांसारखी वाणे सर्वत्र पसरली. पोत्यांची मागणी वाढली, आणि पोत्यांबरोबर वाया जाणाऱ्या नत्राचा आकडाही वाढला.

पिकाची भूक

पीक नत्र एकदम खात नाही. लावणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे रोप मुळे धरण्यात गुंतलेले असते व त्याची गरज थोडी असते. फुटवे येऊ लागले म्हणजे भूक झपाट्याने वाढते. लोंबीचा अंकुर खोडाच्या पोटात तयार होऊ लागतो त्या सुमारास ती मोठी असते. फुलोऱ्यापर्यंत बहुतेक नत्र रोपाने घेतलेले असते. त्यानंतर पानांतील साठा दाण्यांकडे वळू लागतो.

याउलट फेकलेला युरिया दोन-चार दिवसांत सर्वच्या सर्व विरघळून मोकळा होतो. एखाद्या घरी महिन्याचे धान्य एकाच दिवशी शिजवून ठेवले तर घरच्यांचे पोट एकदाच भरेल आणि बाकीचे अन्न नासून जाईल. तसाच हा प्रकार आहे. पिकाची भूक तीन महिन्यांची आणि खताचा पुरवठा चार दिवसांचा, हीच विसंगती साऱ्या नुकसानीचे मूळ आहे.

चिखलातील दोन थर

नत्र जाते कसे, हे समजण्यासाठी बांधीतील चिखल जवळून पाहिला पाहिजे. पाण्याखालच्या मातीत हवा सहसा शिरू शकत नाही. पाण्यात विरघळलेला थोडासा प्राणवायू चिखलाच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो आणि तेथील जंतू तो वापरून टाकतात. त्यामुळे वरचा काही मिलीमीटर जाडीचा थर प्राणवायुयुक्त व तपकिरी, तर त्याखालचा सर्व थर प्राणवायुहीन व करडा-निळसर असतो. या दोन थरांचे महत्त्व जपानचे मृदाशास्त्रज्ञ मात्सुसाबुरो शिओइरी यांनी १९३० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासातून दाखवून दिले. भारतात कटक येथे १९४६ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती भात संशोधन संस्थेतही १९५० च्या दशकात या दिशेने काम झाले.

फेकलेल्या युरियावर मातीतील ‘युरिएज’ नावाचे विकर क्रिया करते आणि त्यापासून अमोनियम तयार होते. येथून नत्राला पळून जाण्याच्या तीन वाटा मोकळ्या होतात.

पहिली वाट हवेची. बांधीतील पाण्यात शेवाळ असते. दिवसा सूर्यप्रकाशात ते पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि पाणी अल्कधर्मी बनते. त्याचा सामू म्हणजे पीएच भर दुपारी ९ च्याही पुढे जाऊ शकतो. रात्री तो पुन्हा खाली येतो. सामू ७ असता पाण्यातील अमोनियमपैकी शंभरात जेमतेम एक भाग वायुरूप अमोनियात असतो. ९ च्या थोडे पुढे गेल्यावर सुमारे निम्मा भाग त्या रूपात जातो आणि वाऱ्याबरोबर उडू लागतो. खत पडल्यावर शेवाळाचेही पोषण होते. म्हणजे खतच आपल्या नाशाची तयारी करते.

दुसरी वाट अधिक आडवळणाची आहे. अमोनियमचा काही भाग वरच्या तपकिरी थरात राहतो. तेथे प्राणवायू असल्याने विशिष्ट जंतू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर खालच्या करड्या थरात उतरते. तेथील जंतूंना श्वसनासाठी प्राणवायू मिळत नाही. ते नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेतात. उरलेले नत्र वायू होऊन बुडबुड्यांच्या रूपाने हवेत परत जाते. त्यातील काही भाग नायट्रस ऑक्साइड या वायूचा असतो. पृथ्वीभोवती उष्णता अडवून धरण्यात हा वायू वजनास वजन घेता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. एका शेतकऱ्याचे नुकसान असे सर्वांचे नुकसान होते.

तिसरी वाट पाण्याची. युरिया स्वतः मातीच्या कणांना चिकटत नाही आणि नायट्रेटही चिकटत नाही. जोराचा पाऊस येऊन पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरू लागले, की विरघळलेले खतही उतरत्या बाजूच्या शेतकऱ्याच्या शेतात व शेवटी नाल्यात जाते. हलक्या जमिनीत ते मुळांच्या खाली झिरपते.

अमोनियम मात्र धनभारित असल्याने चिकण मातीच्या ऋणभारित कणांना धरून राहते. ते करड्या थरात खोल असेल तर तेथे प्राणवायू नसल्याने त्याचे नायट्रेटही होत नाही. तेव्हा बांधीत नत्र सुरक्षित राहण्याची उत्तम जागा म्हणजे खालचा प्राणवायुहीन चिखल, आणि उत्तम रूप म्हणजे अमोनियम. पुढील बहुतेक उपाय या एका सूत्राचे निरनिराळे प्रयोग आहेत.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

काचेच्या एका रुंद तोंडाच्या बरणीत धानाच्या शेतातील माती अर्ध्यापर्यंत भरावी. तीत वाळलेल्या गवताचे थोडे तुकडे मिसळावेत. वर चार बोटे पाणी घालून बरणी सावलीत दोन-तीन आठवडे ठेवावी व कमी झालेले पाणी पुन्हा भरीत जावे. पुढे मातीच्या वरच्या कडेस तपकिरी रंगाची बारीक पट्टी व तिच्याखाली करडा किंवा निळसर चिखल काचेतून स्पष्ट दिसू लागतो. मातीतील लोहाच्या रंगावरून प्राणवायू कोठवर पोचला ते कळते. चिखल ढवळल्यास कुजका वास येतो. तोही प्राणवायूच्या अभावाची खूण आहे.

दुसऱ्या भांड्यात शेवाळ आलेले डबक्याचे पाणी घेऊन ते उन्हात ठेवावे आणि सकाळी, दुपारी व सायंकाळी सामू दाखविणाऱ्या कागदाने त्याची तपासणी करावी. आकडे वहीत लिहून ठेवल्यास अमोनियाच्या उडून जाण्याचे कारण विद्यार्थ्यांस पुस्तकावाचून समजेल.

सावकाश देण्याचे चार मार्ग

खताने आपले नत्र हळूहळू सोडावे यासाठी शास्त्रज्ञांनी मुख्यतः चार मार्ग काढले. व्यवहारात या सर्वांना एकत्रितपणे ‘मंदविद्राव्य खते’ असे म्हटले जात असले, तरी त्यांची कार्यपद्धती एक नाही.

पहिल्या मार्गात स्वभावतःच कमी विरघळणारे संयुग तयार करतात. युरिया व फॉर्मॅल्डिहाइड यांच्या संयोगाने होणारे खत या जातीचे आहे. जपानमध्ये प्रचारात आलेले आयबीडीयू हे खतही याच वर्गातील. त्यात सुमारे ३१ टक्के नत्र असते. ही खते गुणकारी असली तरी महाग पडतात आणि म्हणून मुख्यतः बागा, हिरवळी व मोलाची पिके यांपुरतीच राहिली.

दुसऱ्या मार्गात युरियाच्या दाण्यावर कवच चढवितात. अमेरिकेतील टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने १९६० च्या दशकात वितळलेल्या गंधकाचा लेप देण्याची पद्धत विकसित केली. भारतात २०२३ साली ‘युरिया गोल्ड’ या नावाने गंधकलेपित युरिया पुढे आणण्यात आला. त्यात ३७ टक्के नत्र व १७ टक्के गंधक असते. जपानने प्लास्टिकसारख्या बहुवारिकांचे पातळ कवच वापरले. त्यातून पाणी आत शिरते व विरघळलेला युरिया ठराविक गतीने बाहेर पाझरतो. आपल्याकडे लाखेचा लेप दिलेल्या युरियाचेही प्रयोग झाले. छत्तीसगडच्या जंगलात कुसुम व पळस यांवर लाख होते, हे लक्षात घेता ही कल्पना येथील वाचकास विशेष जवळची वाटेल.

तिसऱ्या मार्गात खताला न अडविता जंतूंना आवर घालतात. अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जंतूंची गती मंद करणारी द्रव्ये खतात मिसळली, तर दुसरी वाट अरुंद होते. नायट्रापायरिन हे असे कृत्रिम द्रव्य १९६० च्या दशकात अमेरिकेत पुढे आले. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. राजेंद्र प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी निंबोळीच्या पेंडीचा या कामी उपयोग दाखवून दिला. निंबोळी व करंज यांचे तेल व पेंड घरोघरी ठाऊक. तिचा हा गुण मात्र नवा होता. २०१५ साली केंद्र सरकारने देशातील शेतीसाठीचा सर्व युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच तयार करावा असे ठरविले. हा लेप अत्यंत पातळ असतो. एका किलो युरियावर तेलाचे प्रमाण किमान ०.३५ ग्रॅम एवढेच ठरविलेले आहे. तो दाण्याला विरघळू न देणारी भिंत नव्हे. त्याचे कार्य जंतूंवर चालते, म्हणून अमोनिया उडून जाण्याची पहिली वाट त्याने बंद होत नाही. निंबोळीयुक्त युरिया घेतला म्हणजे आता कसाही फेकला तरी चालेल, असा जो समज कोठे कोठे आढळतो, तो यासाठी बरोबर नाही.

चौथा मार्ग सर्वांत साधा आहे. त्यात खताचे रसायन बदलत नाहीत; त्याचा आकार आणि जागा बदलतात. बारीक दाण्यांऐवजी युरियाची एक ते तीन ग्रॅम वजनाची मोठी गोळी करून ती चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल ठेवतात. गोळी करड्या थरात विरघळते, अमोनियम तेथेच मातीला धरून राहते, आणि मुळे तेथवर पोचून ते हळूहळू घेतात. वरच्या पाण्यात नत्र जवळजवळ उतरतच नाही. त्यामुळे शेवाळाला व तणालाही फुकटचे पोषण मिळत नाही. बांगलादेशात ‘गुटी युरिया’ या नावाने ही पद्धत लाखो शेतकऱ्यांपर्यंत पोचली. तेथील अनुभव असा, की तेवढ्याच किंवा अधिक उत्पन्नासाठी फेकण्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांश युरिया वाचतो.

कोकणातील चार सूत्रे

रायपूरहून रेल्वेने पश्चिमेकडे निघाले म्हणजे दुर्ग, राजनांदगाव व डोंगरगड मागे टाकून गाडी गोंदिया व भंडारा या महाराष्ट्राच्या धानप्रदेशात शिरते. त्याही पलीकडे, सह्याद्री ओलांडल्यावर, कोकणची भातखाचरे लागतात. याच महाराष्ट्रात चौथ्या मार्गाला एक व्यवस्थित रूप मिळाले. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी ‘चारसूत्री भातशेती’ची मांडणी केली. पहिले सूत्र भाताच्या तुसाची राख व पेंढा यांचा फेरवापर. दुसरे गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचे खत. तिसरे नियंत्रित लावणी. आणि चौथे युरिया व डीएपी यांच्या ब्रिकेटची, म्हणजे दाबून केलेल्या गोळीची, खोल ठेवणी.

तिसरे व चौथे सूत्र एकमेकांवाचून चालत नाहीत. लावणी करताना दोन ओळींतील अंतर आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटर ठेवतात, आणि ओळीतील चुडांचे अंतरही तसेच. त्यामुळे चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो व त्याच्या मध्यभागी लावणीच्याच दिवशी २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट खोचतात. हिशेब सोपा आहे. एक चौकोन आपल्या सभोवतीच्या मोकळ्या जागेसह ४० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे ०.१६ चौरस मीटर जागा व्यापतो. एका हेक्टरात असे ६२,५०० चौकोन बसतात. तितक्याच ब्रिकेट लागतात व त्यांचे वजन सुमारे १७० किलो भरते. त्यांतून अंदाजे ५७ किलो नत्र व २९ किलो स्फुरद पिकाला मिळते. चारही चुडे एकाच गोळीवर जगतात आणि पुन्हा खत देण्याची गरज सहसा राहत नाही.

याच हिशेबात पद्धतीची अडचणही दिसते. ६२,५०० ब्रिकेट म्हणजे ६२,५०० वेळा हात चिखलात घालणे होय. लावणीच्या दिवसांत मजूर मिळणे आधीच कठीण असते. त्यात हे जादा काम. म्हणून ब्रिकेट खोचणारी हातयंत्रे तयार करण्याचे प्रयत्न झाले. कुटुंबातील माणसे स्वतः राबतात अशा लहान शेतांत ही पद्धत चांगली रुजते. मोठ्या शेतांत ती मजुरीपाशी अडते.

रायपूरच्या शेतात काय चालेल?

आता प्रारंभी सांगितलेल्या भाठा, मटासी, डोरसा व कन्हार या क्रमाकडे परत येऊ.

सखल कन्हार व डोरसा जमिनीत चिकण मातीचा अंश अधिक. ती अमोनियमला धरून ठेवते आणि पाणी सावकाश झिरपते. कालव्याचे पाणी व ओळीतील लावणी असेल तेथे ब्रिकेटची खोल ठेवणी हा उपाय शास्त्रदृष्ट्या सर्वांत योग्य ठरतो. मटासीसारख्या हलक्या जमिनीत मात्र पाणी वेगाने खाली झिरपते. तेथे एका जागी खोल ठेवलेले सर्व नत्र मुळे पसरण्याच्या आतच खाली जाण्याचा धोका असतो. अशा जमिनीत लेपित खत, अथवा निंबोळीयुक्त युरिया तीन हप्त्यांत विभागून देणे, हेच अधिक शहाणपणाचे. भाठा जमीन तर पाणी साचलेल्या भातासाठी नव्हेच.

बियासीच्या शेताचा प्रश्न निराळा आहे आणि तोच या प्रदेशाचा खरा प्रश्न होय. फेकपेरणीत ओळी नसतात, म्हणून ब्रिकेट कोठे ठेवावी हे ठरविता येत नाही; आणि आधी ठेवली तरी बियासीचा नांगर ती उकरून टाकणार. शिवाय पेरणीपासून बियासीपर्यंतचा महिनाभर शेत ओले पण हवेशीर असते. त्या काळात टाकलेल्या युरियाचे जंतू सावकाशीने नायट्रेट करून ठेवतात. मग मोठा पाऊस येतो, बांधी भरते, चिखल प्राणवायुहीन होतो आणि साठलेले नायट्रेट वायू होऊन निघून जाते. पाऊस आठ-दहा दिवस दडी मारून पुन्हा आला तर हेच चक्र दुसऱ्यांदा फिरते. ओल आणि कोरडेपणा यांची ही आळीपाळी नत्राची सर्वांत मोठी शत्रू होय.

म्हणून बियासीच्या शेतात पेरणीच्या वेळी नत्र थोडेच द्यावे आणि मोठा हिस्सा बियासी होऊन विरळ जागा भरल्यावर द्यावा, हे सूत्र महत्त्वाचे ठरते. खत देण्यापूर्वी पाणी शक्य तितके कमी करून, खत चिखलात मिसळून, मग पाणी घेतल्यास अमोनिया उडण्याचे प्रमाण घटते. लेपित व जंतुरोधक खतांचे मोल अशाच शेतात सर्वांत अधिक, कारण ती पावसाच्या लहरीपासून नत्राला काही काळ आडोसा देतात. रोपाच्या पानाचा हिरवेपणा तक्त्यातील रंगांशी ताडून पाहावा व पान फिके दिसेल तेव्हाच पुढचा हप्ता द्यावा, ही पद्धतही अनेक ठिकाणी उपयोगी ठरली आहे. तिला फक्त रंगाच्या पट्ट्यांचा एक तक्ता व निरीक्षणाची सवय लागते. खत मंद नसले तरी देणारा हात मंद व सावध असू शकतो.

मर्यादा आणि सावधगिरी

मंदविद्राव्य खत म्हणजे सर्व दोषांवर एकच औषध, असे मानणे चुकीचे होईल. कवचातून नत्र बाहेर येण्याची गती उष्णतेवर अवलंबून असते. जपानी लेपांचे दिवस सामान्यतः २५ अंश सेल्सिअसवर मोजलेले असतात. रायपूरच्या पावसाळी उष्ण चिखलात तेच खत लवकर संपते. उलटपक्षी फार सावकाश सुटणारे खत आखूड मुदतीच्या वाणास दिले, तर फुटव्याच्या वेळी पीक उपाशी राहते आणि लोंबी भरण्याच्या वेळी पाने हिरवी होत बसतात. अशा पिकात करपा रोग व लोळणे यांचा धोका वाढतो. खताची मुदत वाणाच्या मुदतीशी जुळली पाहिजे.

दुसरी गोष्ट कवचाची. प्लास्टिकचे कवच नत्र सोडून रिकामे झाल्यावर मातीत राहते किंवा पाण्यावर तरंगत नदीवाटे समुद्रास मिळते. जपानमध्ये हा प्रश्न गंभीरपणे हाताळला जात आहे. एक प्रदूषण टाळताना दुसरे निर्माण होऊ नये, यासाठी मातीत कुजून जाणारी कवचे शोधणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट किमतीची. साधा युरिया सरकारी साहाय्यामुळे अतिशय स्वस्त मिळतो. जी वस्तू स्वस्त, तिची नासाडी शेतकऱ्यास फारशी जाणवत नाही. महाग खत घेण्यास त्याचा हात सहसा पुढे येत नाही. परंतु वाया गेलेल्या नत्राची किंमत कोणीतरी भरतोच. ते नत्र कारखान्यात नैसर्गिक वायू जाळून हवेतून मिळविलेले असते, आणि बांधीतून ते पुन्हा हवेत जाते.

चौथी गोष्ट अशी, की केवळ नत्राने जमीन सुपीक राहत नाही. शेणखत, हिरवळीचे खत, स्फुरद, पालाश व जस्त यांची उणीव असेल तर मंद गतीने दिलेले नत्रही पिकास लागणार नाही. चारसूत्रीत राख व गिरिपुष्पाचा पाला यांना आधीचे स्थान दिले आहे, ते याच कारणाने.

सारांश

भाताच्या बांधीत नत्राचा नाश होतो तो मुख्यतः पुरवठा आणि भूक यांचा मेळ न बसल्यामुळे. हा मेळ बसविण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांपैकी कोणता निवडावा हे खताच्या पिशवीवर लिहिलेले नसते. ते मातीचा पोत, पाण्याची खात्री, लागवडीची रीत आणि घरात राबणारे हात यांवरून ठरते. कन्हारात गोळी खोल ठेवणारा आणि मटासीत हप्ते पाडून खत देणारा, असे दोघेही शेतकरी एकाच शास्त्राप्रमाणे वागत असतात. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने मातीला चार नावे देऊन अर्धा अभ्यास पूर्वीच केला आहे. उरलेला अर्धा म्हणजे त्या चार मातींत नत्र कसे वागते हे जाणून त्याप्रमाणे खत देणे होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पाणी साचलेल्या चिखलात दोन थर का पडतात? त्यांपैकी कोणत्या थरात अमोनियम सुरक्षित राहते व का?

२. निंबोळी तेलाचा लेप आणि गंधकाचा लेप यांच्या कार्यात कोणता फरक आहे?

३. लावणीच्या ओळींचे व चुडांचे अंतर आळीपाळीने २० व ३० सेंटिमीटर ठेवले, तर चार चुडांस एक या प्रमाणात एका हेक्टरास किती ब्रिकेट लागतील?

४. बियासीच्या शेतात पेरणीबरोबरच सर्व युरिया दिल्यास त्याचे काय होईल, ते टप्प्याटप्प्याने सांगा.

५. आपल्या गावातील शेतजमिनींस लोक कोणकोणत्या नावांनी ओळखतात? प्रत्येक जमिनीत पाणी किती काळ टिकते याची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा आणि तीवरून कोणत्या जमिनीस कोणते नत्रखत योग्य, याचा तक्ता करा.